उच्चभ्रू वस्तीत ब्रंचला कुठे बसायचं, आणि किती वाजता

‘ब्रंच’ हा शब्द गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ साली छापून आणला. त्याचं म्हणणं साधं होतं: शनिवारी रात्री उशिरा झोपलेल्या माणसाला रविवारी भल्या सकाळी न्याहारीला बसवू नका, न्याहारी आणि जेवण एकत्रच उरकू द्या. गंमत म्हणजे आज चांगल्या वस्तीत धड ब्रंच हवा असेल तर लवकरच उठावं लागतं. त्यामागे साधं गणित आहे.

समजा, एक कॅफे साडेदहाला उघडतो आणि त्यात २० टेबलं आहेत. रविवारी पहिल्या अर्ध्या तासात ती सगळी भरतात. ब्रंचला बसलेली मंडळी दीड तास हलत नाहीत. म्हणजे अकराला पोचणारा सर्वांत वाईट वेळ साधतो: सगळी टेबलं भरलेली, आणि बारापर्यंत कुणी उठायचं नाव नाही. बाराला पहिली पंगत उठते, पण तोवर दारातली यादी लांबलेली असते. म्हणून दोनच वेळा खऱ्या. एक, उघडण्याच्या दहा मिनिटं आधी. दुसरी, सव्वा ते दीडच्या दरम्यान, दुसरी पंगत उठायच्या बेतात असताना. दुसरी वेळ धरलीत तर शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात ते फोन करून विचारा. बंद होण्याची जी वेळ दारावर लिहिलेली असते, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच चूल थंड झालेली असते.

वाट पाहावीच लागली तर ‘किती मिनिटं?’ असं विचारू नका. उत्तर नेहमी ‘पंधरा-वीस’ असंच येतं. त्याऐवजी ‘आमच्या आधी किती नावं आहेत आणि चौघांची टेबलं एकूण किती?’ असं विचारा. चौघांची टेबलं १० असतील आणि प्रत्येक टेबल ९० मिनिटं अडत असेल, तर सरासरी दर नऊ मिनिटांनी एक सुटतं. पुढे चार नावं असतील तर आपला नंबर पाचवा, म्हणजे पाऊण तास. तेवढ्यात वस्तीत एक फेरफटका होतो. हा हिशेब पहिली पंगत उठल्यानंतरच लागू पडतो, त्याआधी नाही.

आता जागा. अशा वस्तीच्या मुख्य रस्त्यावरचं भाडं सर्वांत जास्त असतं आणि ते कुठून तरी वसूल व्हायचंच. बहुतेकदा ते पदार्थांच्या किमतीतून आणि टेबलं लवकर मोकळी करून घेण्याच्या घाईतून वसूल होतं. मुख्य रस्त्याला समांतर असलेली मागची गल्ली आधी पाहावी. तिथलं ठिकाण रोज येणाऱ्या रहिवाशांवर चालतं, आणि रोजचं गिऱ्हाईक गार ऑम्लेट दुसऱ्यांदा खपवून घेत नाही.

इंटरनेटवरचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा. फक्त शनिवार-रविवारचे अभिप्राय घ्या आणि एकाच पदार्थाचे वेगवेगळ्या लोकांनी काढलेले पाच-सहा फोटो शेजारी ठेवून पाहा. पाचही ताटल्या सारख्या दिसत असतील तर स्वयंपाकघराला शिस्त आहे. एका फोटोत बलक ओघळतोय आणि दुसऱ्यात खडूसारखा कोरडा झालाय, तर तिथे नशिबावर हवाला.

मेन्यू एका पानाचा, बारा-पंधरा पदार्थांचा असावा. तोच पालक, तेच मशरूम, तोच पाव तीन-चार पदार्थांत दिसला तर नाक मुरडू नका. त्याचा अर्थ माल रोज संपतो आणि ताजा येतो. अंडी, पिझ्झा, नूडल्स, सुशी आणि सिझलर एकाच मेन्यूत असतील तर फ्रीझर मोठा आहे, इतकंच समजावं.

खरी परीक्षा अंड्याची. एग्ज बेनेडिक्टमध्ये भाजलेला इंग्लिश मफिन (केक नव्हे, चपटा गोल पाव), त्यावर हॅम, पोच केलेलं, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेलं अंडं आणि वर हॉलंडेझ सॉस असतो. हॅमऐवजी पालक घातला की तेच फ्लोरेंटाइन. सोपं वाटतं, पण चारही गोष्टी एकाच क्षणी गरम असाव्या लागतात. गर्दीच्या ठिकाणी अंडी आधीच पोच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि ऑर्डर आली की मिनिटभर गरम पाण्यात सोडतात. ही लबाडी नव्हे, चांगली हॉटेलंही हेच करतात. बिघडतं ते दोन ठिकाणी: अंडं जास्त वेळ पाण्यात राहिलं तर बलक घट्ट होतो, आणि नीट निथळलं नाही तर खालचा मफिन भिजून लगदा होतो. पांढऱ्याच्या चिंध्या लोंबत असतील तर अंडं शिळं. अंडं जुनं झालं की पांढरा भाग पातळ होतो आणि पाण्यात पसरतो.

हॉलंडेझ म्हणजे बलक, लोणी आणि लिंबाचा रस यांचं मिश्रण. फार तापलं तर बलक शिजून गुठळ्या होतात, लोणी भराभर ओतलं तर ते वेगळं होऊन वर तरंगतं. सॉसवर साय धरली असेल किंवा कडेला तुपासारखी धार दिसली तर ताटली परत पाठवायला संकोच करू नका. हा सॉस कोमट अवस्थेतच ठेवावा लागतो आणि जंतूंनाही तीच ऊब आवडते, म्हणून गर्दीत तो दर थोड्या वेळाने नव्याने करणारं स्वयंपाकघरच भरवशाचं. सोबत गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांच्यासाठी पूर्ण शिजलेलं अंडं मागवावं. इथे चवीपेक्षा पोट महत्त्वाचं.

मोठ्या हॉटेलातल्या बुफेचं शास्त्र वेगळं. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि गार पदार्थ ५ अंशांच्या खाली असायला हवेत. थर्मामीटर कुणी नेत नाही, पण वाफ दिसते की नाही आणि गार पदार्थ बर्फात रुतलेत की नुसते काचेच्या भांड्यात मांडलेत, हे डोळ्यांना कळतं. वारंवार बदललं जाणारं छोटं भांडं हे काठोकाठ भरलेल्या मोठ्या भांड्यापेक्षा केव्हाही चांगलं. झाकणाखालचं स्क्रॅम्बल्ड एग सहसा टाळावं. तासभर उष्णतेवर राहिलं की ते पाणी सोडतं आणि बलकातलं लोह पांढऱ्यातल्या गंधकाशी मिळून हिरवट-करडा रंग येतो. अपाय होत नाही, पण चव जाते. समोर ऑम्लेट करून देणारा आचारी उभा असेल तर रांग लावायची ती तिथेच, आणि ‘थोडं ओलसर असतानाच काढा’ असं सांगायचं, कारण ताटलीतही ते शिजत राहतं. शेवटच्या अर्ध्या तासात भांडी भरत नाहीत. पूर्ण पैसे देऊन तेव्हा जाणं म्हणजे शुद्ध तोटा.

बेकरी-कॅफेत क्रोसाँ उलटं करून पाहा. तळ सोनेरी-तपकिरी हवा, आणि चावल्यावर पापुद्रे अंगावर पडायला हवेत. टाळूवर मेणचट थर राहिला तर लोण्याऐवजी मार्गारीन वापरलंय. लोणी तोंडाच्या उबेला पूर्ण वितळतं, पापुद्र्यांसाठी वापरतात ते मार्गारीन तितकं वितळत नाही. दुधाची कॉफी ओठाला चटका देत आली तर दूध ७० अंशांच्या वर गेलंय. गोडवा ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान सर्वांत छान लागतो.

अंगणातली जागा मोहात पाडते, पण सूर्य कुठे आहे ते पाहून बसा. इमारतीच्या पश्चिमेचं अंगण साधारण बारापर्यंत सावलीत असतं आणि मग तापू लागतं. पूर्वेचं नेमकं उलट. लवकर आलात तर पश्चिम, उशिरा आलात तर पूर्व. आत बसणार असाल तर स्पीकरखालचं, दारासमोरचं आणि ताटल्या बाहेर येतात त्या खिडकीलगतचं टेबल सोडा.

चारांपेक्षा जास्त माणसं असतील तर आरक्षण करा, पण फोन आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीन-चारला. तेव्हा समोरच्याला बोलायला सवड असते. विचारायचं ते एवढंच: टेबल किती वेळ आपलं, उशीर झाला तर किती मिनिटं राखून ठेवतात, सगळी मंडळी आल्याशिवाय बसवतात का, न्याहारी आणि जेवण दोन्ही मेन्यू एकाच वेळी चालू असतात का, आणि बिलात सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं का. ठरावीक रकमेत हवी तितकी पेयं देणारी योजना असेल तर घड्याळ केव्हा सुरू होतं तेही विचारा, बसल्यावर की पहिला पेला आल्यावर. रकमेला एका पेल्याच्या किमतीने भागा आणि तेवढे पेले आपल्याने खरंच पिणं होईल का, याचा प्रामाणिक अंदाज घ्या.

बसल्याबसल्या कॉफी आणि मुलांचा पदार्थ आधी सांगून टाका, बाकीचं निवांत ठरवा. सहा जणांनी सहा तऱ्हांची अंडी मागवली तर पहिली ताटली शेवटचीची वाट पाहत गार होते. दोन-तीन पदार्थांवर एकमत करून मधोमध गोड पॅनकेकची एक ताटली वाटून घेतली, तर सगळं एकदमच आणि गरम येतं.