जुनं ऑल्टरनेटिव्ह गाणं नव्या बाजात बांधताना या चुका टाळा

रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचं १९९२ सालचं ‘क्रीप’ बोसानोव्हात (ब्राझीलच्या हलक्या, डुलत्या बाजात), पियानोवर, समूहस्वरात कितीतरी जणांनी बांधलंय. जी कव्हर्स (म्हणजे दुसऱ्यांनी नव्याने केलेली रूपं) पडतात त्यांत बहुतेकदा गाण्याचा कणाच मोडलेला असतो, म्हणून उदाहरणाला हेच गाणं घेऊ.

सगळ्यात मोठी चूक कॉर्ड्समध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीत, होते. क्रम जी, बी, सी (तिन्ही मेजर) आणि सी मायनर. यात एक आतला सूर डी, डी शार्प, ई, ई फ्लॅट असा चढून उतरतो आणि पुन्हा डीवर येतो. गाण्याची सगळी तगमग या चार पावलांत आहे. पण जी मेजरच्या स्केलमध्ये बी मायनर बसतो म्हणून काही जण तोच वाजवतात, आणि डी शार्प गायब होतो. जॅझचा रंग आणायला बी सेव्हन सस फोर (यात डी शार्पच्या जागी ई येतो) घेतला तरी तेच. रंग हवाच असेल तर जी मेजर सेव्हन, बी सेव्हन, सी मेजर सेव्हन, सी मायनर सिक्स घ्या. आतली ओळ शाबूत राहते. कोणतंही गाणं घ्या, आधी अशी ओळ शोधा, मग वाद्यं ठरवा.

बोसात दुसरी गफलत ड्रम्सची. रॉकचा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा (खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा) ठोका तसाच ठेवला की ना रॉक राहतो, ना बोसा. स्नेअरचा ठोका काढा, ड्रमच्या रिमवर (कडेवर) हलका क्लिक द्या. गिटारवर अंगठा एक आणि तीनवर बेस धरेल, बाकीची बोटं मात्रांच्या मधल्या जागी एकत्र उचला.

नुसता वेग उतरवला म्हणजे गाणं गहिरं होत नाही. मूळ वेग साधारण ९२ बीपीएम (मिनिटाला मात्रा), प्रत्येक कॉर्ड आठ मात्रांचा, म्हणजे एक फेरा सुमारे २१ सेकंदांचा. ६० वर आणलात की तोच ३२ सेकंदांचा होतो आणि ओळींमध्ये भोकं पडतात. अशा वेळी सुरुवातीचा वाद्यांचा फेरा गाळा, आणि धरून ठेवलेल्या कॉर्डच्या आत बेस हलता ठेवा.

कोरसआधी रेडिओहेडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड गिटारच्या दाबलेल्या तारांवर जो खरखरीत तडाखा देतो, त्याची ॲकूस्टिकवर नक्कल केली तर ती केविलवाणी वाटते. तिथे एक मात्रा सगळं थांबवा. कोरस मोठा वाटायला हवा, तर अंतऱ्यात खरोखर हात आखडा. मिक्समध्ये दोन्हींत सहा-आठ डेसिबलचा फरक ठेवा आणि मास्टरिंगला (शेवटच्या ध्वनिसंस्काराला) आवाजाची उंची दाबणाऱ्या लिमिटरने तो चिरडू नका.

पट्टीही आधीच तपासा. मूळ जीमध्ये गाणं जी थ्री ते बी फोर फिरतं (आकडा सप्तक सांगतो). खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईंना ते आहे तसं जमतं, उगाच वर चढवू नका. बहुतेक पुरुषांना मात्र बी फोर ताणून लावावा लागतो. त्यांनी पट्टी डीवर उतरवून डी, एफ शार्प, जी, जी मायनर धरावं. वरचा सूर एफ शार्प फोरवर येतो.

गायक मूळ रेकॉर्डिंगची लकब उचलत असेल, तर आठवडाभर ते ऐकू देऊ नका. फ्रान्सच्या नुवेल वाग या गटाने पोस्ट-पंक गाण्यांच्या २००४ च्या अल्बमसाठी मूळ गाणी माहीत नसलेल्या गायिका मुद्दाम निवडल्या होत्या.

भारतात रेकॉर्ड करून विकणार असाल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी वाचा. पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटली की कव्हरचा परवाना मिळतो, पण दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. शिवाय तांत्रिक गरज नसलेला, मालकाच्या संमतीने आधी न झालेला बदल चालत नाही. बाज पालटणाऱ्याने म्हणूनच या कलमावर विसंबू नये. शब्द-संगीताच्या हक्कधारकाची लेखी परवानगी स्टुडिओ बुक करण्याआधी घ्यावी.