लग्नाची गिफ्ट रजिस्ट्री करताय? आधी मेजरिंग टेप शोधा

रजिस्ट्री म्हटलं की निम्म्या लोकांना रजिस्टर लग्नच आठवतं. मी मावशीला फोनवर उत्साहात सांगितलं की आमची रजिस्ट्री झाली, तर ती आधी गप्पच बसली आणि मग म्हणाली, "अगं मग हॉल कशाला बुक केलात?" तर तसं काही नाहीये. लग्न ठरलेल्या दोघांनी मिळून घरात काय काय लागणार त्याची यादी करायची, ती दुकानात नाहीतर वेबसाइटवर ठेवायची, ज्याला गिफ्ट द्यायचंय तो त्यातलं एक उचलतो, आणि ते लगेच यादीत "घेतलं" असं दिसायला लागतं म्हणजे दुसरा कोणी तेच घेत नाही. झालं. आयडिया काही नवीन नाही, शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने १९२४ मध्ये हे सुरू केलं, तेव्हा नवरी मुलगी दुकानात जाऊन आवडलेला डिनर सेट वगैरे नोंदवून यायची. मग १९९३ मध्ये टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीने ते कॉम्प्युटरवर आणलं. आता फोनवर होतं सगळं, आणि फोनवर होतं म्हणूनच लोक घाईघाईत करतात आणि फसतात. आम्हीपण.

वेबसाइट उघडायच्या आधी एक संध्याकाळ दोघांनी कागद घेऊन बसा. सीरियसली, कागद. साइट उघडली की ती "तुमच्यासाठी खास" म्हणून जे समोर टाकेल तेच तुम्ही टिक करत जाता आणि शेवटी यादीत दोन केक स्टँड असतात आणि एक पायपुसणं नसतं. आम्ही सोपी ट्रिक केली, एक साधा दिवस डोळ्यासमोर आणला, रविवार नाही, कामाचा दिवस. उठलो, चादर कुठली, आंघोळीला टॉवेल किती, कपडे वाळत कशावर घालणार, डबा कशात नेणार, रात्री चार जण अचानक आले तर ताटं पुरतील का. प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक लिहायचं: आहे, आहे पण बदलायचंय, नाही. दोघं आधीपासून वेगवेगळे राहत असाल तर "आहे" चा रकाना बघून हसू येईल, आमच्याकडे मिळून पाच कात्र्या निघाल्या आणि बादली एकही नाही. नवऱ्याने ड्रिल मशीन लिहिलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, लग्नाच्या यादीत ड्रिल मशीन कोण टाकतं, पण यादीतली सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू तीच ठरली हे कबूल करते.

आता टेप. हा भाग कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. आम्हाला एक मोठा स्टँड मिक्सर, म्हणजे केकचं पीठ वगैरे फेटायचं मशीन, आला, इतका सुंदर की बघत बसावं, ओट्यावर ठेवला, वरच्या कपाटाखाली बरोब्बर बसला आणि मग भांडं काढायला त्याचं डोकं वर करायला गेलो तर ते कपाटाला ठक्क. म्हणजे दर वेळी तो जड धूड पुढे ओढायचा, काम करायचं, परत मागे ढकलायचा. तेव्हा ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची मोजा आणि ती वस्तूच्या उघड्या उंचीशी ताडून बघा, बंद उंचीशी नाही. गादीचंही तसंच, लांबी रुंदी सगळे मोजतात पण जाडी कोणी मोजत नाही, आणि इलॅस्टिकवाली चादर जाड गादीला रात्रभरात कोपऱ्यातून सुटून गुंडाळून येते. इंडक्शन वापरणार असाल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे, साधं ॲल्युमिनियम किंवा तांबं त्यावर चालत नाही, सगळं स्टीलही चालेलच असं नाही, त्यामुळे वर्णनात इंडक्शन लिहिलंय का ते बघूनच टाका. टॉवेल घेताना जीएसएम म्हणून आकडा असतो, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, तो जितका जास्त तितका टॉवेल जाड आणि वाळायला तितका वेळ, रोजच्याला ४०० ते ६०० मधला बरा पडतो.

आणि कोणी परदेशातून वस्तू पाठवणार असेल तर व्होल्टेज. अमेरिकेत १२० व्होल्ट, भारतात २३०, जपानमध्ये १००. फोनच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं त्यामुळे तो कुठेही चालतो, पण इस्त्री, केटल, टोस्टर असल्या तापणाऱ्या वस्तू बहुतेक एकाच व्होल्टेजच्या असतात, नुसता पिनचा अडॅप्टर लावून भागत नाही. १२० ची केटल २३० ला लावली की तिचं पहिलं पाणी तेच शेवटचं.

रजिस्ट्री कुठे करायची? एकाच दुकानाची केली तर बदलणं परत करणं सोपं जातं, पण मग सगळं त्याच दुकानातलं. दुसरा प्रकार म्हणजे युनिव्हर्सल रजिस्ट्री, कुठल्याही साइटवरच्या वस्तूची लिंक टाकता येते, पण यात एक गोची आहे, गिफ्ट देणाऱ्याने त्या दुसऱ्या साइटवर जाऊन खरेदी केली की बऱ्याचदा त्याला परत येऊन "मी घेतलं" असं स्वतः टिक करावं लागतं. आणि काका लोक ते करत नाहीत. आम्हाला सेम टेबललँप दोन आले ते यामुळेच. माझं मत विचाराल तर एक मोठं दुकान आणि एक युनिव्हर्सल, बास, तीन-चार ठिकाणी केली तर तुम्हालाच ट्रॅक राहणार नाही.

वस्तू किती टाकायच्या तर पाहुण्यांची डोकी मोजू नका, घरं मोजा, कारण नवरा बायको मिळून एकच गिफ्ट देतात. घरांच्या दीडपट ते दुप्पट वस्तू ठेवा, म्हणजे शेवटी बघणाऱ्यालाही चॉइस राहतो. किमतींत मात्र भरपूर फरक हवा. नुकती नोकरी लागलेल्या मित्राला चार लाकडी चमचे देता आले पाहिजेत आणि त्याला ते देताना लाज वाटता कामा नये, म्हणून स्वस्त वस्तू जास्तच ठेवा. फ्रिज किंवा सोफ्यासारखं मोठं काही असेल तर ग्रुप गिफ्टचा ऑप्शन ऑन करा, दहा जण थोडे थोडे घालतात. "सहा हवेत" तिथे संख्या नीट भरा, नाहीतर एकच कप येतो.

पैसेच हवे असतील तर तसा फंड ठेवता येतो, फिरायला जायचा किंवा घराचा. मला आधी जरा ऑकवर्ड वाटलं होतं, पण नुसतं "रोख" न लिहिता कशासाठी ते लिहिलं तर लोक आनंदाने देतात. फक्त साइट किती कापते ते वाचा, कार्डाने पेमेंट असेल तर २.५ ते ३ टक्के असं बऱ्याच ठिकाणी कापतात, आणि ते तुमच्यातून जातात की देणाऱ्याकडून वर घेतात हे सेटिंगमध्ये असतं. पैसे खात्यात केव्हा येतात तेही बघून ठेवा.

पत्ता. अरे देवा, पत्ता. आम्ही टाकला तेव्हा जुना फ्लॅट होता, मग लग्नाच्या तीन आठवडे आधी घर बदललं आणि रजिस्ट्रीतला पत्ता बदलायचं दोघांच्याही डोक्यातून गेलं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलंय. चार खोकी जुन्या वॉचमनकडे पडून होती, त्यातलं एक काचेचं. तुमचं घर बदलायचं असेल तर आईबाबांचा किंवा जिथे दिवसभर कोणी असतं असा पत्ता द्या.

लग्नाच्या चार-पाच महिने आधी यादी तयार असेल तर बरं, साखरपुड्यानंतरच विचारायला लागतात लोक. लिंक पत्रिकेवर छापू नका, ते मागितल्यासारखं दिसतं. लग्नाची वेबसाइट असेल तर तिथे ठेवा नाहीतर बहिणीला, जवळच्या मित्राला देऊन ठेवा, लोक त्यांनाच विचारतात "काय द्यायचं गं यांना?" सोबत एवढं लिहिलं तरी पुष्कळ: "तुम्ही यायलाच हवं. काही द्यायची इच्छा असेल तर सोपं जावं म्हणून ही यादी." आणि कोणी यादीबाहेरचं दिलं तर तोंड वाकडं करायचं नाही, ते गिफ्ट आहे, ऑर्डर नाही.

दर रविवारी दहा मिनिटं यादी उघडून बघा. काही वस्तू आउट ऑफ स्टॉक होतात, स्वस्तातलं सगळं आधी संपतं, ते परत भरा. गिफ्ट आलं की खोकं फेकायच्या आधी कोणी दिलं ते लिहून ठेवा आणि थँक्यूचा मेसेज त्याच आठवड्यात, वस्तूचं नाव घेऊन, कारण दोन महिन्यांनी तुम्हाला आठवणारही नाही की परात कोणाची आणि घड्याळ कोणाचं. खोकी लगेच उघडा, परत करायची मुदत बऱ्याच ठिकाणी खरेदीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उघडलं त्या दिवसापासून नाही.

लग्न झाल्यावर दोन कामं राहतात. एक, यादी प्रायव्हेट करा, कारण तुमची नावं आणि लग्नाची तारीख नेटवर उघडी पडलेली असते. पण त्याआधी, उरलेल्या वस्तूंवर जोडप्याला डिस्काउंट मिळतो का ते बघा, बऱ्याच रजिस्ट्रींत १० ते २० टक्के असतो, आणि तो बहुतेक एकदाच वापरता येतो, म्हणून सगळं एकाच ऑर्डरमध्ये घ्या. आमची इस्त्री कोणीच दिली नव्हती, ती आम्ही अशीच घेतली, बादलीसकट.