चालू प्रोग्रॅममध्ये क्लास बदलायचा तर आधी मेथड, मग क्लास

निपाणी-चिकोडी भागातल्या दूध संस्थांसाठी मी कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत दूध संकलनाचा प्रोग्रॅम लिहिते. सकाळी रांग लागली की सचिवांचं एकच म्हणणं असतं, "ताई, काय बी करा, पण मशीन बंद पडाय नको." आणि मागण्या तर येतच राहतात. पावतीवर सभासदाचं नाव कन्नडमध्येही हवं, दूध लिटरऐवजी किलोत नोंदवायचं. दहा दिवसांच्या बिलाच्या नोंदी मेमरीत असताना प्रोग्रॅम न थांबवता हे कसं करायचं, ते इथे सांगते.

१९९४ च्या आन्सी प्रमाणातच, म्हणजे या भाषेच्या अधिकृत नियमांतच, ही सोय आहे. क्लास म्हणजे नोंदीचा साचा, तो डेफक्लासने लिहितात. डेफक्लास त्याच नावाने पुन्हा चालवला की नवा क्लास तयार होत नाही, आहे तोच बदलतो. त्या साच्यातून आधी तयार झालेले ऑब्जेक्टही (एकेक सभासद, एकेक नोंद) तेच राहतात. हॅश टेबलमध्ये (किल्लीवरून शोधायच्या तक्त्यात) ठेवलेला सभासद क्लास बदलल्यावरही तोच सभासद असतो, त्याच्याकडे जाणारे सगळे दुवे शाबूत. स्ट्रक्चरला (डेफस्ट्रक्टने लिहिलेल्या साध्या साच्याला) मात्र ही हमी नाही. डेफस्ट्रक्ट वेगळ्या स्लॉटांनी (स्लॉट म्हणजे माहितीचा एकेक रकाना) पुन्हा लिहिलं तर काय होईल, हे प्रमाणाने ठरवलेलंच नाही. म्हणून जे पुढे बदलू शकतं ते पहिल्यापासून डेफक्लासमध्ये ठेवा.

सोपा बदल आधी करू. सभासद या क्लासला कन्नड-नाव हा स्लॉट जोडायचा. (एसबीसीएल या लिस्पच्या कंपायलरमध्ये स्लॉटची नावं देवनागरीत चालतात, मी तशीच ठेवते.) इमॅक्स या एडिटरमधून स्लाइमने (लिस्पसाठीच्या त्याच्या जोडणीने) चालू इमेजला, म्हणजे मेमरीत चालू असलेल्या प्रोग्रॅमला, जोडून घ्या, डेफक्लासमध्ये ओळ वाढवा, कंट्रोल-सी दोनदा दाबा, झालं. त्या ओळीत इनिटफॉर्म (स्लॉटची सुरुवातीची किंमत) मात्र हवाच. तो नसेल तर जुन्या सभासदांचा नवा स्लॉट रिकामा राहतो आणि तो वाचताक्षणी अनबाउंडची चूक येते, तीही पावती छापताना. मी तिथे निल (म्हणजे 'काही नाही') देते आणि निल असेल तर पावतीवर मराठी नाव छापते. आमच्याकडे काही सभासद फक्त कन्नड वाचतात, काही फक्त मराठी. त्यामुळे दोन्ही नावं हवीत ही मागणी अगदी रास्त आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. जो स्लॉट आधीपासून आहे त्याची किंमत तशीच राहते. त्याचा इनिटफॉर्म बदललात तरी जुन्या ऑब्जेक्टांवर काही परिणाम होत नाही.

खरं जपायचं ते लिटरचं किलो करताना. दूधनोंद या क्लासमधून लिटर काढला आणि किलो घातला, तर लिस्पच्या दृष्टीने एक स्लॉट गेला आणि एक नवा आला. दोघांचं नातं त्याला कळत नाही. ते सांगायची जागा म्हणजे अपडेट-इन्स्टन्स-फॉर-रिडिफाइन्ड-क्लास ही जेनेरिक फंक्शन, म्हणजे जिला प्रत्येक क्लाससाठी वेगळी मेथड (कोडचा तुकडा) जोडता येते अशी. क्लास बदलला की लिस्प ती जुन्या ऑब्जेक्टांसाठी चालवतं. तिला ऑब्जेक्टसोबत नव्याने आलेल्या स्लॉटांची यादी, गेलेल्या स्लॉटांची यादी आणि गेलेल्या किमतींची प्रॉपर्टी लिस्ट (नाव-किंमत जोड्यांची यादी) मिळते. दूधनोंदीसाठी तिची बिफोर मेथड (मूळ मेथडच्या आधी चालणारी) लिहा. प्रॉपर्टी लिस्टमधून लिटर काढा, 1.03 ने गुणा, किलोत ठेवा. 10 लिटरचे 10.3 किलो. दुधाची घनता थोडी कमीजास्त होते, तेव्हा संस्था कोणता आकडा धरते ते सचिवांना आधी विचारून घ्या, हा हिशोब लोकांच्या पैशाचा आहे. बिफोरच का? मूळ मेथड नंतर चालते आणि इनिटफॉर्म फक्त रिकाम्या स्लॉटांत भरते, तुम्ही ठेवलेल्या किमतीला हात लावत नाही.

ही मेथड डेफक्लासच्या आधी चालवायची. जुने ऑब्जेक्ट नवा डेफक्लास चालवल्याक्षणी बदलतीलच असं नाही. उशिरात उशिरा त्यांचा एखादा स्लॉट वाचला किंवा लिहिला जाईल तेव्हा बदलतात. मेथड नसताना त्या मधल्या वेळात कुणी नोंद उघडली, तर तिचं लिटर गेलं ते गेलं. मेथड आधी असेल तर ही भीतीच उरत नाही.

मेथडमध्ये एक अट घालाच: प्रॉपर्टी लिस्टमध्ये लिटर असेल तरच गुणाकार. पुढच्या महिन्यात याच क्लासमध्ये दुसरा काही बदल केलात की हीच मेथड परत चालणार, तेव्हा तिथे लिटर नसेल. ज्या नोंदीत लिटर भरलंच नव्हतं तिचीही किंमत यादीत येत नाही. अट नसेल तर निलला 1.03 ने गुणायची वेळ येते.

डेफक्लासनंतर लगेच लिटर नावाची एक साधी मेथड लिहून ठेवा, किलोला 1.03 ने भागणारी. म्हणजे जुने स्क्रीन आणि रिपोर्ट चालू राहतात. डेफक्लास आणि ही मेथड यांच्यामध्ये क्षणभर लिटर सापडत नाही. दुसरा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये त्याच वेळी चालू असलेलं दुसरं काम) नेमका तेव्हा नोंद लिहीत असेल तर अडचण. म्हणून प्रोग्रॅम बंद करायचा नसला तरी मी हे काम दुपारी, सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या मध्ये करते, आणि त्याआधी सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घेते.

मग लगेच सगळ्या नोंदींवरून एक लूप फिरवा आणि प्रत्येकीचं किलो वाचा. तेवढ्याने प्रत्येक नोंद नव्या रूपात येते. आज न बदललेली नोंद पुढच्या बदलापर्यंत तशीच पडून राहिली, तर दोन्ही बदल तिच्यावर एकदम येतात, आणि तुमच्या मेथडने त्याचा विचार केलेला नसतो. लूपमध्ये एखादी नोंद अडली तर तिचा नंबर लिहून घ्या आणि पुढे जा.

शेवटचं काम फाइलचं. बदल इमेजमध्ये झालाय, डिस्कवर नाही. लाइट गेली, बॅटरी संपली, की नवा क्लास गेला. तेव्हा तोच कोड सोर्स फाइलमध्ये आहे ना ते बघा आणि त्याच दिवशी दुसऱ्या मशिनवर ती फाइल कोऱ्या इमेजमध्ये लोड करून एक पावती काढा. लूप पूर्ण फिरला, अडलेल्या नोंदी हाताने दुरुस्त झाल्या आणि फाइलमध्ये उतरवलेल्या जुन्या नोंदीही किलोत आल्या, की बिफोर मेथड काढून टाकायला हरकत नाही.