मार्कंडेयच्या काठी नदी-बैठक भरवताना

बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीसाठी माणसं जमवायची तर आधी नदी मोजा, भाषणं मागाहून. आकडा समोर नसला की बैठक गाऱ्हाण्यांतच संपते.

तारीख भाताची सुगी आटोपल्यावर, डिसेंबरातल्या रविवारची धरा. धूळवाफ पेरणीच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याच्या दिवसांत कुणाला सवड नसते आणि पावसाळ्यात पात्रात उतरणं जिवावरचं. निरोप मराठी-कन्नड दोन्हींत द्या. वरच्या आणि खालच्या गावांची पंच कमिटी, काठावर पाणी उपसायच्या मोटारी असलेले शेतकरी, धुणं धुणाऱ्या बायका हवेतच. बायकांना आधी बोलू द्या. फेस कधी येतो, वास कधी सुटतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

राकसकोप धरणाच्या खाली कंग्राळी, काकतीच्या बाजूला पात्राचा सरळ, गुडघाभर पाण्याचा 10 मीटरचा पट्टा निवडा. बंधाऱ्याच्या फुगवट्यात मोजू नका, तिथं पाणी तुंबलेलं असतं. रुंदी घ्या, पाच ठिकाणी खोली घेऊन सरासरी काढा. अर्धी भरलेली, बूच घट्ट लावलेली बाटली सोडा. रिकामी बाटली वाऱ्यानं ढकलली जाते. पाच वेळा सोडून सरासरी वेळ धरा. जलपर्णीत अडकलेली फेरी सोडून द्या. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू चालतं, म्हणून वेगाला (10 मीटर भागिले वेळ) 0.85 नं गुणायचं. रुंदी, खोली आणि हा वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. समजा रुंदी 6 मीटर, खोली 0.4 मीटर आणि 25 सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला साधारण 816 लिटर.

पाण्याचे नमुने तीन: सांडपाण्याचा नाला मिळतो त्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि बरंच खाली. तोंडालगतच खालचा नमुना घेतला तर फसगत होते, कारण सांडपाणी लांबपर्यंत एकाच काठानं वाहतं. विरघळलेला प्राणवायू किटनं तिथंच, उजाडता उजाडता तपासा. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडतं आणि घाण पाणीही चांगलं भासतं. बाटली पाण्याखालीच भरून बूच लावा, एकही बुडबुडा राहता कामा नये. अंघोळीच्या पाण्यात प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा.

मग देवळाच्या सभामंडपात बसा. आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि एकच काम ठरवा, उदाहरणार्थ एका नाल्याचं तोंड. ग्रामपंचायतीला अर्ज कन्नडमध्ये द्या, शिक्क्याची पोच घ्या. मोजणीची जागा काठच्या खडकावर रंगानं खुणावून ठेवा. मार्चमध्ये तिथंच, त्याच पद्धतीनं पुन्हा मोजायचं आहे.