विशेष मुलांसाठी खेळणीघर सुरू करायचंय? मग आधी खेळणी विकत घेऊ नका

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा नाही, आता नऊ वर्षांचा झालाय तो. चार वर्षांचा असताना आम्ही ऑनलाइन एक लाकडी खेळणं मागवलं होतं, दांड्यात रंगीत रिंगा ओवायचं, थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं म्हणून, आणि आमच्या बजेटच्या बरंच बाहेरचं होतं ते. त्याने एक रिंग उचलली, चाटली, सोडून दिली आणि परत तिकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्याच आठवड्यात मिरजेला एका ओळखीच्या ताईंकडे गेलो, त्यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे, तर तिथे दाराला जुनी पितळी घंटा टांगलेली आणि तिला दोरी, आणि हा त्या दोरीला जो धरून बसला तो पाऊण तास हलेना. त्यांच्या मुलीला नेमक्या रिंगा हव्या होत्या. मग घंटा आमच्याकडे आली आणि रिंगा तिकडे गेल्या. आमच्या खेळणीघराची सुरुवात ही एवढीच.

आपल्या मुलांना कुठलं खेळणं लागेल हे दुकानात उभं राहून कळत नाही, घरी आणून चार दिवस ठेवलं की कळतं, आणि महागडी वस्तू चार दिवसांसाठी विकत घेणं बहुतेक घरांना परवडत नाही. म्हणून पुस्तकासारखं न्यायचं आणि परत आणायचं. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला 1935 साली मंदीच्या काळात खेळणी उसनी द्यायची सोय सुरू झाली, खास आपल्यासारख्या मुलांसाठी 1963 मध्ये स्टॉकहोमला ‘लेकोटेक’ निघालं, आणि 1967 मध्ये इंग्लंडमध्ये जिल नॉरिस नावाच्या एका आईने, तिची दोन मुलं दिव्यांग होती, असंच खेळणीघर काढलं. आपल्याकडे तर गावोगावी वाचनालयं आहेत, त्यामुळे कार्ड, रजिस्टर, तारीख हे कोणाला शिकवावं लागत नाही.

आधी घरं गोळा करा

पाच-सहा कुटुंबं पुरतात. कुठे शोधायची? सिव्हिल हॉस्पिटलमध्ये लहान मुलांचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, लोक त्याला डीईआयसी म्हणतात, तिथल्या बाकावर एक सकाळ बसा. फिजिओच्या ओपीडीबाहेर बसा. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, घरीच असलेली, शाळेत न येणारी मुलं त्यांनाच माहीत असतात. आशाताईंना विचारा.

पण पालकांना ‘कुठलं खेळणं हवं’ असं विचारू नका, कारण मग सगळे ‘ब्रेनसाठी काहीतरी चांगलं’ एवढंच सांगतात. विचारा की मूल घरी कोणी काही न सांगता काय करत बसतं. मग उत्तरं येतात, पंखा बघत बसतो, ड्रॉवर उघडतो बंद करतो, भांडी फेकतो, पाण्यात हात घालून बसते, पिशवीची चेन लावत बसते. ही उत्तरं वहीत लिहा, हीच तुमची खरेदीची यादी. फेकणाऱ्याला वाळूच्या छोट्या पिशव्या आणि मोठी टोपली द्या, फेकणं तेच पण आता तो खेळ झाला, त्यात आपलाही नंबर येतो. पंखा बघणाऱ्याला हाताने फिरवायच्या भिंगऱ्या द्या. आम्ही पहिल्या वर्षी ही यादी न करता कॅटलॉग बघून सामान घेतलं आणि त्यातलं निम्मं कपाटातच राहिलं, म्हणून एवढं लांबण लावून सांगतेय.

जागा

एक कपाट, एक सतरंजी आणि शनिवारचे दोन तास, बस. वाचनालयाच्या कमिटीला विचारा, मुलांचा विभाग बऱ्याचदा दुपारी रिकामा असतो. शाळेचा वर्ग, मंदिराचा हॉल, कोणाचं गॅरेज, काहीही चालेल पण तळमजला पाहिजे आणि दारातून व्हीलचेअर आत गेली पाहिजे, आधी टेपने मोजून बघा, निदान 32 इंच मोकळी जागा हवी. बाथरूम जवळ हवं, नाहीतर आया अर्ध्या तासात निघून जातात. आता आमच्या सांगलीत तळमजला म्हटलं की 2019 च्या ऑगस्टचा महापूर आठवतो, त्यामुळे आम्ही सगळं झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवतो, पाणी वाढायला लागलं की उचलून वर नेता येतं.

सगळी खेळणी एकदम मांडू नका. स्वमग्न मुलाला एवढे रंग आणि आवाज एका वेळी नको होतात, तो कान झाकून कोपऱ्यात जाऊन बसतो आणि आई बिचारी सगळ्यांची माफी मागत बसते. सहा-सात वस्तू बाहेर, बाकी पडद्याआड. आणि एक कोपरा असा ठेवा की तिथे काहीच नाही, फक्त चटई आणि उशी.

देणग्या, आणि नाही म्हणायचं कसं

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘खेळणी द्या’ असा मेसेज टाकलात तर पोतं भरून टेडी येतील, चाक तुटलेल्या गाड्या येतील, एक डोळा नसलेली बाहुली येईल. लोकांचं मन चांगलं असतं पण विशेष मुलांना मोडकं चालतं असं नकळत डोक्यात असतं आणि ते मला फार लागतं. म्हणून मेसेजमध्येच नेमकं लिहा, ठोकळे पूर्ण सेट, ड्रम, मोठ्या तुकड्यांची पझल, बटण दाबल्यावर गाणारी खेळणी सेल टाकून तपासलेली, घुंगरांचा बॉल. न धुता येणारं सॉफ्ट टॉय घेत नाही हेही लिहा. कोणी दाराशी पोतं घेऊन आलंच तर नम्रपणे परत द्या, पहिल्या दोन-तीनदा जड जातं.

विकत घेण्याआधी एक चौकशी करा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साधनं द्यायच्या सरकारी योजनेतून, टीएलएम (शिकण्या-शिकवण्याचं साहित्य) किट मिळतात, त्यात बरंच शैक्षणिक साहित्य असतं, एखाद्या पालकाकडे ते कॉटखाली न उघडता पडलेलंही असतं.

सेफ्टी, इथे तडजोड नको

1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे, नवीन घेताना तो बघाच. पण डब्यावरच्या वयावर जाऊ नका. आपलं दहा वर्षांचं मूलही वस्तू तोंडात घालत असेल तर त्याच्यासाठी तीन वर्षांखालचाच नियम. त्या नियमात छोटे तुकडे तपासायला 31.7 मिलीमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, म्हणजे साधारण सव्वा इंच, त्यात जो तुकडा अख्खा मावतो तो घशात अडकू शकतो. तेवढ्या मापाची डबी क्रेटमध्येच ठेवा आणि प्रत्येक वस्तू तिच्यात घालून बघा. सागरगोटे, चिंचोके, मणी, आपली लाडकी असली तरी तोंडात घालणाऱ्या मुलांच्या पिशवीत नाहीत म्हणजे नाहीत.

बटण सेल असलेलं खेळणं असेल तर त्याचं झाकण स्क्रूचंच पाहिजे. हा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे थांबून वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. छोटे ताकदवान मॅग्नेट अजिबात ठेवू नका. ज्यांना फिट येते त्यांना लुकलुकणारे लाइट देण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला) असलेल्या मुलांना लेटेक्स रबराची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता बरीच असते म्हणून आमच्याकडे फुगे कुठल्याच कार्यक्रमाला नसतात, वाढदिवसालाही नाहीत. आणि रंगाचे पोपडे सुटलेलं जुनं लाकडी खेळणं कितीही सुंदर असलं तरी ते शोकेसमध्ये ठेवा.

खेळणं मुलाच्या हाताला जुळवून घ्या

मला स्वतःला या कामात सगळ्यात जास्त मजा येते. मूठ नीट मिटत नाही? फ्रिज-एसी रिपेअरवाल्याकडे कॉपर पाइपवर चढवायची काळी फोमची नळी मिळते, तिचा तुकडा खुळखुळ्याच्या, ब्रशच्या, ड्रमच्या काठीच्या दांड्यावर चढवा, मूठ जाड झाली की पकड येते. पझलच्या तुकड्यांवर हार्डवेअरच्या दुकानातले ड्रॉवरचे मोठे नॉब स्क्रूने बसवा. खेळणं सरकतं? खाली किचन ड्रॉवरमधलं न घसरणारं मॅट घाला किंवा टेबलाला क्लॅम्पने आवळा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी खेळण्याखाली नुसतं काळं कापड पसरलं आणि वर एकच पिवळी किंवा लाल वस्तू ठेवली तरी फरक पडतो, फुलाफुलांच्या चादरीवर त्याला ती सापडतच नसते.

आता स्विचचं. ज्या मुलाला फक्त डोकं हलवता येतं किंवा कोपर दाबता येतो त्यालाही सेलवरचं खेळणं चालवता येतं. तांब्याचे दोन पातळ पत्रे, मध्ये प्लास्टिकचा तुकडा, प्रत्येक पत्र्याला एक वायर, वायरींच्या टोकाला 3.5 मिलीमीटरचा मोनो जॅक, म्हणजे इअरफोन खोचतो तसलं सॉकेट. हे सँडविच सेल आणि खेळण्याची पत्ती यांच्यामध्ये सरकवायचं, खेळणं ऑन करून ठेवायचं, जॅकमध्ये मोठं बटण लावायचं. बटण दाबलं की सर्किट पूर्ण, माकड टाळ्या वाजवणार, सोडलं की थांबणार. हे फक्त ऑन ठेवलं की चालू राहणाऱ्या खेळण्यांना जमतं. प्रत्येक वेळी पोट दाबावं लागणाऱ्या बाहुलीत त्या आतल्या बटणालाच समांतर दोन वायरी सोल्डर कराव्या लागतात. कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्या दादांना खेळणं दाखवा, त्यांना पाच मिनिटांत कळतं. फक्त सेलवरच्याच खेळण्यांना हात लावायचा, घरच्या लाइटवर चालणाऱ्याला कधीच नाही. माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून सुरू केलेली गोष्ट म्हणजे असंच एक माकड, त्या दिवशी त्याने ते किती वेळा सुरू आणि बंद केलं मी मोजत होते आणि मग मोजणं सोडलं.

सगळं विकतच असतं असंही नाही. मिरजेत तंबोरे बनतात हे सगळ्यांना माहिती आहे, तिथल्या एका कारागीर काकांनी तडा गेलेला तंबोरा आम्हाला दिला, विकण्यासारखा नव्हता पण तारा शाबूत. ऐकू न येणारी मुलं भोपळ्याला गाल लावून बसतात आणि आपण तार छेडली की हसतात. आमच्याकडची सगळ्यात जास्त नंबर लागलेली वस्तू ती आहे, आणि तीच एक आम्ही घरी देत नाही.

नोंद कशी करायची

खेळण्यावरचे वयाचे स्टिकर काढून टाका. बारा वर्षांच्या मुलीची आई ‘6 महिने +’ लिहिलेला डबा रिक्षात मांडीवर घेऊन बसते तेव्हा तिला काय वाटतं ते मला माहिती आहे. त्याऐवजी मुलाला त्या वस्तूशी काय करावं लागतं ते लिहा, दाबायचं, ओढायचं, फेकायचं, ओवायचं, नुसतं बघायचं, ऐकायचं, दोघांनी मिळून खेळायचं. पालक मग ‘सीपीसाठी (म्हणजे सेरेब्रल पाल्सीसाठी) काय आहे’ विचारत नाहीत, ‘ओढायचं अजून काही आहे का’ विचारतात, आणि आजाराच्या नावापेक्षा हा प्रश्न हजारपट उपयोगाचा.

प्रत्येक वस्तूला जाड कापडाची नाडीची पिशवी शिवा, आमच्याकडे एका आजींनी जुन्या पडद्यांच्या शिवल्या. आत सगळ्या तुकड्यांचा एक फोटो लॅमिनेट करून, खाली तुकड्यांची संख्या. परत आलं की फोटो समोर ठेवून मोजायचं. आणि एक छोटी वही पिशवीतच, घरी काय झालं ते दोन ओळीत लिहायला, ‘उलटं करून चाक फिरवत बसला, खूप आवडलं’ असं काहीतरी. पुढची आई ते वाचते, कोणत्याही तज्ज्ञाने दिली नसती अशी आयडिया तिला मिळते.

एका वेळी दोन वस्तू, तीन आठवडे, आणि बहीण-भाऊ असेल तर त्याच्यासाठी एक वेगळी, कारण ती पोरं नेहमी बाजूला पडतात. डिपॉझिट घ्यायचं तर शंभर रुपये, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून नाही. मोडल्याचा दंड मात्र घेऊ नका. दंड ठेवला की आई खेळणं कपाटावर ठेवते आणि तीन आठवड्यांनी कोरं करकरीत परत आणते. मोडलेलं सांगून परत आणलं की तिला सरळ दुसरं द्या.

परत आलेलं सगळं एका वेगळ्या टबात टाकायचं, लगेच कोणाला द्यायचं नाही. प्लास्टिक साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून, खळबळून उन्हात. लाकूड ओल्या फडक्याने पुसायचं, भिजवायचं नाही. सेलवाल्याचे सेल काढून स्पिरिटने किंचित ओल्या कापडाने पुसायचं. पावसाळ्यात कापडी वस्तू आतून वाळत नाहीत, बुरशी धरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही त्या देतच नाही.

ट्रस्ट वगैरे

पहिलं वर्ष नोंदणीच्या मागे लागू नका. हिशेबाची वही उघडी ठेवा, आलेला गेलेला प्रत्येक रुपया ग्रुपवर टाका. मोठ्या देणग्या किंवा कंपनीचा पैसा यायला लागला की मग संस्था लागतेच, सोसायटीला किमान सात सभासद लागतात, आणि त्यात निम्म्याहून जास्त पालक असू देत. त्यात वडीलही असू देत, नाहीतर हे कायम आयांचंच काम होऊन बसतं.

आणि जी मुलं शनिवारी येऊच शकत नाहीत, अंथरुणावर आहेत किंवा वाडी-वस्तीवर आहेत, त्यांच्यासाठी विशेष शिक्षकांच्या गाडीवरून पिशवी पाठवता येते. आमची एक पिशवी जतकडे जाते, महिन्याने परत येते, वहीत मुलीच्या आजोबांचं अक्षर असतं. शिक्षक कधीही, न सांगता येतात, म्हणून दोन वस्तू निवडून, मोजून, सेल तपासून एक पिशवी कायम दाराशी टांगलेली ठेवा.