जर्बिलच्या टाकीत मधली पडदी बसवताना या चुका टाळा

जर्बिल म्हणजे उंदरासारखा, बिळे खणणारा छोटा पाळीव प्राणी. जोडीतला एक जर्बिल दगावला की उरलेल्याला सोबत मिळावी म्हणून आपण दुसरा आणतो, आणि खरी काळजी तिथून सुरू होते. मंगोलियन जर्बिल आपल्या कुटुंबातल्या प्राण्यांना मुख्यतः वासाने ओळखतो. ज्याच्या अंगाला ओळखीचा वास नाही तो त्याच्या लेखी परका असतो आणि परक्याला तो आपल्या हद्दीत राहू देत नाही. दोन अनोळखी प्रौढ जर्बिल एकदम एकत्र सोडले तर काही मिनिटांत रक्त निघू शकते, प्रसंगी एखाद्याचा जीवही जातो. म्हणूनच काचेच्या टाकीचे जाळीने दोन भाग करून, दोघांना शेजारी पण वेगळे ठेवून, दिवसातून दोन-तीन वेळा त्यांच्या बाजू बदलत राहण्याची पद्धत रूढ झाली आहे. बाजू बदलल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंथरुणात (टाकीच्या तळाशी पसरलेल्या मऊ, खणता येणाऱ्या थरात) झोपतो, दुसऱ्याच्या वासात वावरतो आणि हळूहळू तो वास त्याला परका वाटेनासा होतो.

या सगळ्या काळात मधल्या पडदीचे काम एवढेच, की वास पलीकडे जावा, पण दात, नखे आणि शेपूट पलीकडे जाऊ नये. हे काम सोपे वाटते, पण घरी केलेल्या बहुतेक पडद्या यातच कमी पडतात, आणि जाळीच्या मध्यभागी नव्हे, तर तिच्या चार कडांपैकी एखाद्या कडेला कमी पडतात.

जाळी निवडतानाच्या चुका

घरात उरलेली मच्छरजाळी, मग ती नायलॉनची असो की फायबरची, या कामाला अजिबात चालत नाही. जर्बिलचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि कुरतडणे ही त्याची गरज असते. अशी जाळी एका रात्रीत फाटते. ॲल्युमिनियमची मच्छरजाळी थोडी जास्त टिकते, पण तिची तार इतकी बारीक असते की तीही दातांनी ओढून तुटते आणि तुटलेली टोके डोळ्यांना व ओठांना लागतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी मजबूत दिसली, तरी तिची भोके मोठी असतात आणि तारा नुसत्या पिळलेल्या असल्यामुळे दाबाने पसरतात.

योग्य जाळी म्हणजे चौकोनी भोकांची, सांधे वेल्ड केलेली, ६ मि.मी. भोकाची वेल्डमेश. हार्डवेअरच्या दुकानात १२ मि.मी. भोकाची जाळी जास्त सहज मिळते आणि तीच घेण्याचा मोह होतो, पण त्या भोकातून जर्बिलचे नाक, पंजाची बोटे आणि शेपटीचे टोक सहज बाहेर येते. दोन रागावलेले जर्बिल जाळीच्या दोन बाजूंना असताना बाहेर आलेले नाक चावले जाणारच. शेपटीची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण जर्बिलच्या शेपटीवरची कातडी ओढ बसली तर मोज्यासारखी निघून येते आणि उघडा पडलेला भाग पुन्हा भरत नाही. १२ मि.मी.चीच जाळी मिळाली तर तिचे दोन थर करावेत आणि दोन्ही थरांत दीड ते दोन सें.मी. अंतर ठेवावे. या फटीत अंथरूण साचते आणि ते वरचेवर काढावे लागते, तरीही चावे टाळण्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत असे माझे ठाम मत आहे.

साधी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, जाळी घेतली तर तिच्यावरचा जस्ताचा सुटा चुरा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने ब्रश मारून धुऊन टाकावा आणि जाळी पूर्ण वाळवावी, कारण जर्बिल ती चाटणार आणि कुरतडणार आहे. खर्च परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलची जाळी घेणे उत्तम.

काही जण जाळीऐवजी पारदर्शक ॲक्रिलिकची अखंड शीट उभी करतात. त्यामुळे दोघे एकमेकांना दिसतात, पण वास पलीकडे जात नाही, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला तेच होत नाही. त्यात भोके पाडली तर प्रत्येक भोकाची कड दातांना आयती सापडते.

एकदाच माप घेणे

टाकीची रुंदी बाहेरून मोजून तेवढीच जाळी कापणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. बाहेरून ३० सें.मी. रुंद टाकीला ५ मि.मी. जाडीची काच असेल तर आतली रुंदी २९ सें.मी.च भरते. त्यातही तळाच्या आणि कोपऱ्यांच्या सांध्यांत सिलिकॉनचा जाड थर असतो, त्यामुळे तळाशी मिळणारी जागा आणखी कमी असते. ताठ कापलेली जाळी त्या थरावर टेकते आणि तिच्याखाली एक बारीक फट राहते, जी अंथरुणाखाली असल्यामुळे आपल्याला कधीच दिसत नाही. म्हणून आतली रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना सिलिकॉनच्या थराएवढी तिरकी खाच द्यावी.

आपल्याकडे ऑर्डर देऊन बनवलेल्या माशांच्या टाक्यांमध्ये वरच्या कडेला आतून आडव्या काचपट्ट्या चिकटवलेल्या असतात. पूर्ण रुंदीची चौकट त्या पट्ट्यांमधून सरळ खाली उतरत नाही, म्हणून लोक ती अरुंद करतात आणि मग दोन्ही बाजूंना बोटभर फट उरते. चौकट तिरकी करून आत उतरवावी आणि वरच्या दोन कोपऱ्यांत काचपट्टीच्या मापाच्या खाचा कापाव्यात. तेही जमत नसेल तर दोन अर्धे भाग करून ते मध्यावर निदान ५ सें.मी. एकमेकांवर चढवावेत आणि नट-बोल्टने घट्ट जोडावेत.

पडदी बसवल्यावर तपासणीसाठी एक साधी पेन्सिल पुरते. तिची जाडी साधारण ७ मि.मी. असते. चारही कडांवरून ती फिरवावी; ती जिथे शिरेल तिथे जर्बिलचे नाक शिरेल, आणि जिथे नाक शिरते तिथे दातांना काम सुरू करता येते.

पडदी अंथरुणावर उभी करणे

सगळ्यांत जास्त अपघात या एका चुकीमुळे होतात, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आज पाळल्या जाणाऱ्या बहुतेक मंगोलियन जर्बिलांचे मूळ १९३५ साली अमूर नदीच्या खोऱ्यात पकडलेल्या सुमारे २० जोड्यांपर्यंत जाते. तेव्हापासून त्यांच्या कितीतरी पिढ्या पिंजऱ्यात आणि काचेत वाढल्या, पण गवताळ माळरानावर बिळे खणण्याची त्यांची ओढ जराही कमी झालेली नाही. चांगल्या टाकीत २० ते ३० सें.मी. खोल अंथरूण द्यावे ते त्यासाठीच. मात्र त्या अंथरुणात खोचलेली पडदी, ती कितीही खोल खोचली तरी, जर्बिलच्या दृष्टीने बिळाच्या वाटेवरचा एक अडथळा असते, आणि तो अडथळा खालून ओलांडता येतो.

माझ्याकडच्या पहिल्या पडदीची जाळी चांगली होती, वरचे झाकणही घट्ट होते, परंतु ती तळाच्या काचेपासून चार बोटे वर राहिली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे धडपडण्याचा आवाज आला तेव्हा मोठ्या नराने खालून वाट केलेली होती आणि लहान नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन खोल जखमा झालेल्या होत्या. तो वाचला, पण त्या दोघांची जोडी नंतर कधीच जमली नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: टाकी पूर्ण रिकामी करावी, पडदी तळाच्या काचेवर टेकवून पक्की करावी, आणि मगच दोन्ही बाजूंना अंथरूण भरावे. जर्बिल आत असताना भरलेल्या अंथरुणात जाळी कधीही दाबू नये. खाली बीळ असेल तर ते ढासळते आणि आतला प्राणी चिरडला जाऊ शकतो. अंथरूण दोन्हीकडे सारख्या उंचीचे असावे. एका बाजूला २० सें.मी. आणि दुसरीकडे ५ सें.मी. असेल तर पडदीवर एकाच दिशेने भार येतो आणि ती हळूहळू कलते. पहिल्या दिवशी अंथरूण सारखे केले तरी जर्बिल खणून ते एका कोपऱ्यात लोटतो, त्यामुळे रोज बाजू बदलताना दोन्हीकडची उंची हाताने सारखी करून घ्यावी. एवढ्या दिवसांपुरते १० ते १२ सें.मी. अंथरूण पुरते.

पडदी नुसती घट्ट बसते आहे, म्हणून निश्चिंत होणे

काचेच्या दोन भिंतींमध्ये दाबून बसवलेली जाळी हाताला पक्की वाटते. ऐंशी-नव्वद ग्रॅमचा प्राणी तिला काय हलवणार, असे मनात येते. तो एकदा नव्हे, रात्रभर शेकडो वेळा एकाच कोपऱ्याला धडक देतो, ओढतो, खरवडतो, आणि दर वेळी जाळी केसभर सरकते.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे समोरच्या आणि मागच्या काचेवर ॲल्युमिनियमच्या यू आकाराच्या पट्ट्या चिकटवून त्यांत जाळीची चौकट वरून सरकवणे. यासाठी बुरशीनाशक न मिसळलेले, मत्स्यटाकीसाठीचे शुद्ध सिलिकॉनच वापरावे. बाथरूमच्या फटी बुजवायचे सिलिकॉन वापरू नये. काच स्पिरिटने पुसून, पट्टीच्या पाठीवर पातळ थर लावून ती दाबावी आणि कडेने बाहेर आलेला थर लगेच पुसून काढावा, कारण उरलेली सिलिकॉनची कड जर्बिल हमखास कुरतडतो. त्यानंतर निदान ४८ तास, आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, टाकीत प्राणी सोडू नये.

टाकीला काही चिकटवायचे नसेल तर जाळीचाच खालचा भाग दोन्ही बाजूंना ५-५ सें.मी. दुमडून पाय करावेत, म्हणजे समोरून पाहिल्यास उलट्या ‘टी’ अक्षरासारखा आकार होईल. अंथरुणाचा भार त्या पायांवर पडून पडदी जागेवर राहते. पायांच्या कडा आत वळवून कानशीने घासाव्यात, नाहीतर खणताना नख अडकते. वरची बाजू मात्र तरीही कुठेतरी बांधावीच लागते.

चौकट लाकडाची करू नये. प्लास्टिकचे केबल टाय तर मुळीच वापरू नयेत. बाहेरून ते नेटके दिसतात, पण जर्बिल एकेक गाठ तोडत जातो आणि सगळी तुटेपर्यंत आपल्या लक्षात येत नाही. जोडण्यासाठी स्टीलचे नट-बोल्ट किंवा जाड तार घ्यावी आणि तारेची पिळलेली टोके पट्टीच्या आत दडवावीत.

वरची बाजू विसरणे

प्रौढ जर्बिल जागच्या जागी ३० सें.मी.च्या आसपास उडी मारू शकतो आणि उभ्या जाळीवर तर सहज चढतो. पडदी झाकणापर्यंत पोहोचली नाही तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. झाकणाची जाळी मध्ये उचलली जात असेल तर पडदीच्या वर लांबट फट तयार होते. ती पेन्सिलने नक्की तपासावी आणि झाकण चारही बाजूंनी क्लिपने आवळावे. नर आणि मादी वेगळे ठेवण्यासाठी पडदी केली असेल तर वरून झालेली एका रात्रीची भेटही पुरते, आणि २४ ते २६ दिवसांनी टाकीत पिल्ले दिसतात.

चाक, वाळूचे भांडे आणि दगड पडदीपासून हातभर नाही तरी ५ सें.मी. दूर असावेत. फिरते चाक आणि जाळी यांच्यामध्ये शेपूट सापडते. जड वस्तू थेट तळाच्या काचेवर ठेवाव्यात, म्हणजे खाली खणल्यावर त्या प्राण्यावर कोसळणार नाहीत.

वापरताना दिसणाऱ्या अडचणी

जर्बिल सगळे अंथरूण जाळीकडे उडवून ती बुजवून टाकत असेल तर वास पलीकडे जाणे थांबते आणि वर चढायला उतारही तयार होतो. ढीग हाताने बाजूला करावा, अंथरूण बदलू मात्र नये. या दिवसांत टाकी धुणे म्हणजे मिसळत आलेले वास पुसून टाकणे होय.

नाकावरचे केस उडाले असतील किंवा नाक लाल झाले असेल तर प्राणी जाळी सतत चावतो आहे असे समजावे. त्याला कुरतडायला पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुरक्षित लाकूड द्यावे. दोन दिवसांत फरक पडला नाही तर जाळीचा दुसरा थर लावावा, म्हणजे निदान समोरच्याशी थेट झटापट होणार नाही. जखम झाली असेल तर पशुवैद्यांकडेच न्यावे, कारण चाव्याच्या जखमा वरून भरतात आणि आत पू धरतो.

सकाळी दोघेही एकाच बाजूला आढळले आणि शांत दिसले, तरी ‘जमले वाटते’ असे मानून तसेच ठेवू नये. दोघांना उचलून शेपटीचे मूळ, पाठीचा मागचा भाग आणि गळा तपासावा, फट कुठे आहे ती शोधून बुजवावी आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी.

निदान सात दिवस झाले, दोघे जाळीला लागून झोपू लागले, केस फुलवणे आणि तिरके चालत अंगावर येणे थांबले, की मग पडदी काढण्याचा विचार करावा. त्याच टाकीतून ती नुसती ओढून घेऊ नये. दोघांनाही नवख्या अशा लहान, स्वच्छ जागेत, घरटे किंवा चाक न ठेवता, एकत्र सोडावे आणि दिवसभर समोर बसून पाहावे. जाड हातमोजे आणि पुठ्ठ्याचा तुकडा जवळ असावा. दोघे चेंडूसारखे एकमेकांना गुंडाळून लोळू लागले तर तो पुठ्ठा मध्ये घालून त्यांना वेगळे करता येते, उघडा हात कधीही घालू नये. त्या दिवशी पडदी धुऊन कपाटात ठेवून देऊ नये, कारण संध्याकाळपर्यंत ती पुन्हा बसवावी लागण्याची शक्यता असते.

दोन-तीन आठवडे नीट प्रयत्न करूनही जाळीपाशी चावाचावी चालूच असेल तर त्या दोघांना दोन वेगळ्या टाक्या द्याव्यात आणि त्या एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. शत्रूचा वास चोवीस तास नाकाशी असणे जर्बिलसाठी मोठा ताण असतो, आणि पडदी कितीही मजबूत केली तरी तो ताण तिने अडत नाही.