वळताना चाकातून कटकट? आधी रबरी बूट बघा

गाडी सरळ जाताना गप्प आणि वळवली की पुढच्या चाकातून ‘कट-कट-कट’. मेकॅनिकने ‘सगळं सस्पेन्शन उघडावं लागेल’ म्हणायच्या आत हे स्वतःच तपासा.

१. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा मोकळ्या मैदानात काचा खाली, गाणी बंद.

२. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरा, मग उजवीकडे. अॅक्सिलरेटर दाबल्यावर कटकट वाढली तर संशय बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे अॅक्सलच्या चाकाकडच्या टोकाला असलेल्या, चाक वळलेलं असतानाही ते फिरवणाऱ्या सांध्यावर. बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचं चाक बोलतं. डावीकडे वळताना आवाज आला तर उजवं आधी बघा.

३. गाडी सपाटीवर उभी करा, हँडब्रेक लावा, चाक वळलेलंच ठेवून त्याच्या मागे टॉर्च मारा. अॅक्सलवरचा, जॉइंट झाकणारा घड्यांचा रबरी बूट चिरलाय का? रिमच्या आतून काळं ग्रीस उडालंय का?

बूट फाटलाय पण आवाज नाही, तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. हे काम पावसाळ्याआधीच उरका, नाहीतर पुण्याच्या खड्ड्यांतलं पाणी आणि चिखल जॉइंटमध्ये जाणार. कटकट सुरू झाली असेल, तर नव्या बुटाने ती थांबणार नाही. जॉइंटच बदलावा लागतो. दुकानदार काहीही म्हणो.

कात्रज बायपासला वेगात ‘घूंऽऽ’ येतं आणि हलक्या वळणावर कमी-जास्त होतं? ते बहुतेक चाकाचं बेअरिंग, त्याला टाळू नका.

आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका.